बर्फात दीड अंश

माझ्या वहिनी ज्या दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करतात, त्याच दवाखान्याची गाडी मी चालवतो. गाडी रुग्णांची नाही, दुधाची. ज्या बायकांचं दूध आपल्या बाळाला पुरून उरतं, त्यांच्या घरी जायचं, गोठवलेल्या बाटल्या थंड पेटीत भरायच्या आणि दवाखान्याच्या दूधपेढीत आणून द्यायच्या. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं असतात, ओंजळीत मावतील एवढी. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आयांना सुरुवातीला दूधच येत नाही, आणि डब्यातलं दूध त्या कोवळ्या आतड्यांना सोसत नाही. अशा बाळांना दुसऱ्या आईचं दूध देतात. मात्र ते आधी साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास धरून ठेवायचं आणि मग झटकन थंड करायचं. कमी तापलं तर जंतू राहतात, जास्त तापलं तर त्यातलं सत्त्व जातं.

हे काम करणारं यंत्र दिसायला झाकणाच्या मोठ्या स्टीलच्या टाकीसारखं होतं. त्याचा मेंदू म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक बोर्ड. तेवढ्यातच अख्खा कॉम्प्युटर. त्याच्या कडेला नखाएवढं कार्ड, आणि त्या कार्डावर लिनक्स ही संगणकप्रणाली. यंत्र विकणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला होता, त्यामुळे बिघडलं की सगळ्यांची नजर वहिनींकडे वळायची. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना मशीनताई म्हणायच्या.

खरं दुखणं विजेचं होतं. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत बोर्ड बंद पडायचा आणि पुन्हा उठायला इतका वेळ लावायचा की तोवर दूध निवलेलं असायचं. तापमानाची नोंद मध्येच तुटली तर ती खेप बाळांना द्यायची नाही, असा नियम. मी आणलेल्या बाटल्या मोरीत रित्या होताना मी कितीदा पाहिल्यात. पेढीतली बाई नळ सोडून द्यायची, म्हणजे पांढरं पाणी पटकन वाहून जावं आणि कुणाला दिसू नये.

मग एकदा वीज गेली ती कार्डच घेऊन गेली. नेमकं त्या क्षणी बोर्ड कार्डावर काहीतरी लिहीत होता, ते लिहिणं अर्धवट राहिलं आणि कार्डावरची सगळी घडीच विस्कटली. वहिनींनी जपून ठेवलेली प्रत दुसऱ्या कार्डावर चढवली. ती चालली, पुन्हा अडकली, पुन्हा चालली. पेढीत कच्च्या दुधाच्या बाटल्या साठत गेल्या आणि तयार दुधाचा कप्पा रिकामा होत गेला. बाळांच्या डॉक्टरबाई रोज सकाळी तो कप्पा उघडून बघायच्या आणि बंद करायच्या. आता सगळ्यांत लहान बाळांनाच ते दूध मिळत होतं.

यंत्रविभागाच्या साहेबांनी नव्या यंत्राची मागणी केली होती, पण मंजुरी कुठल्या टेबलावर बसली होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वहिनी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा मी तिथेच पेटीची चावी द्यायला उभा होतो.

"साहेब, कार्डावरची प्रणालीच नवी बांधते. आपल्या कामापुरती. वीज गेली तरी खराब होणार नाही आणि आली की लगेच उठेल, अशी."

"आधी केलंय असं कधी?"

"नाही."

"मग?"

"शिकते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस सरळ होता, पण डोळे झाकून मान डोलावणारा नव्हता. "शिका. पण एक सांगून ठेवतो. माझी सही झाल्याशिवाय एक थेंबही बाळाच्या तोंडात जाणार नाही."

"जायलाही नको," वहिनी म्हणाल्या.

आमच्या घरात एकच मोठं टेबल. अर्ध्यावर माझा दादा पुस्तकांची बांधणी करतो. त्याचा सुई-दोरा, खळ, पुठ्ठे. उरलेल्या अर्ध्यावर वहिनींनी दवाखान्यातला जादा बोर्ड, वायरी आणि आपला जुना लॅपटॉप मांडला. आतापर्यंत त्या कार्डावर दुसऱ्याने तयार केलेली इमेज चढवायच्या. इमेज म्हणजे कार्डावर जशीच्या तशी ओतायची अख्खी प्रणाली, एका फाईलमध्ये बांधलेली. आता ती फाईल त्यांना स्वतः जन्माला घालायची होती. त्यासाठी बिल्डरूट नावाची साधनं फुकट मिळतात. काय हवं, काय नको ते त्यात निवडायचं. मग लॅपटॉप एकेक तुकडा मुळापासून घडवत बसतो. तेही स्वतःसाठी नाही, तर त्या छोट्या बोर्डाला कळेल अशा भाषेत. याला तासन्‌तास लागायचे. लॅपटॉपचा पंखा घरघरायचा. आई त्याला गिरणी म्हणायची.

"सूनबाई, गिरणी चालू आहे तोवर जेवून घे," असं ती रोज सांगायची.

पहिल्यांदा सगळं घडवून होत आलं आणि लॅपटॉपमधली जागाच संपली. दुसऱ्यांदा इमेज तयार झाली, कार्डावर गेली, बोर्डाला वीज दिली आणि काहीच झालं नाही. एक लाल दिवा तेवढा लागला. वहिनी बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिल्या.

"मेला का?" दादाने विचारलं.

"तेच कळत नाही ना. बोलतच नाही तो."

मग त्यांनी बोर्डाच्या कडेच्या पिनांना तीन तारा जोडून त्याचं पुटपुटणं लॅपटॉपवर आणलं. आधी नुसता कचरा उमटला, कारण दोघांचा बोलण्याचा वेग जुळत नव्हता. वेग जुळवला तेव्हा ओळी सरसर वर सरकल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा झाला होता. पण पुढचं सामान कार्डाच्या कुठल्या भागात ठेवलंय ते त्याला सापडत नव्हतं, म्हणून त्याने हात टेकले होते.

"निदान कुठे अडलंय ते तरी सांगतोय," वहिनी म्हणाल्या. एवढ्यानेही त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यात आनंद मानण्यासारखं काही दिसलं नाही.

"माझं बरं," दादा दोरा ओवत म्हणाला. "एकदा शिवलं की शिवलं. तुझं रोज उसवतं."

"तुमचं पुस्तक बाळाला पाजायचं नसतं," वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. दादाही मग हसला नाही.

ते दिवस घरात जड गेले. वहिनी दवाखान्यातून आल्या की बोर्डासमोर बसायच्या. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. एक गाठ सुटली की दुसरी पडायची. बोर्ड अडकला तर त्याला आपोआप पुन्हा चालू करणारा राखणदार त्यांनी आत बसवला, तर त्या राखणदाराला धीरच नव्हता. बोर्ड पुरता उठायच्या आतच तो त्याला पाडायचा, आणि हे चक्र थांबेना. त्यांना झोप लागत नव्हती. ताटावर बसल्या बसल्या त्या बोटांनी काहीतरी मोजत राहायच्या. एकदा आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला म्हणावं, सोड ते. कुणी सांगितलंय एवढं?" मी सांगितलं नाही. रोज सकाळी तो रिकामा होत चाललेला कप्पा मीही पाहत होतो.

त्यांना सगळ्यांत जास्त छळलं ते नकाशाने. बोर्डाच्या कुठल्या पिनेला काय जोडलंय, हीटर कुठे, पंप कुठे, तापमान मोजणारी सळई कुठे, हे लिनक्सला आपणहून कळत नाही. एका फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. वहिनींनी ती फाईल एकेक ओळ जुळवत लिहिली. जुन्या कार्डावरचा नकाशा पुसला गेला होता आणि प्रतीमधला यंत्राच्या भाषेत होता, वाचता येईना, म्हणून यंत्र उघडून एकेक तार हाताने चाचपत त्या आतल्या जोडण्या समजून घेत गेल्या.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "भावजी, वायर उपटा."

मी बोर्डाची वायर उपटली.

"लावा."

लावली. मी हात मागे घेतो न घेतो तोच पडद्यावर तापमानाचा आकडा आला. वहिनींनी माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. वाटेल तेव्हा, मध्येच, सांगायच्या आत उपटायला लावलं. दर वेळी बोर्ड उठला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे मोजू लागला. कार्डाचा मुख्य भाग त्यांनी फक्त वाचण्यापुरता ठेवला होता, नोंद तेवढी वेगळ्या भागात जायची. मुख्य भागावर काही लिहिलंच जात नव्हतं, तर वीज गेल्यावर बिघडणार काय? दादाने सुई खाली ठेवली आणि तो हे सगळं बघत बसला.

टेबलावरच त्यांनी बोर्डाला जोडलेली जादा सळई दुसऱ्या खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून पाहिली. दोन्ही आकडे तंतोतंत. मग कार्ड यंत्रात गेलं. साहेबांनी पाण्याच्या बाटल्या लावून खेपांमागून खेपा करायला लावल्या, मुद्दाम वीज तोडली, जनरेटर उशिरा सुरू केला. यंत्र डगमगलं नाही. साहेबांनी सही केली. पहिली खऱ्या दुधाची खेप निघाली, तिचा नमुना प्रयोगशाळेत गेला, आणि दोन दिवसांनी अहवाल आला की जंतू आढळले नाहीत. डॉक्टरबाईंनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. पेढीतल्या बाईने मला पेटी भरून दिली. शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकांचा एक लहान दवाखाना आहे, तिथलं तयार दूध साफ संपलं होतं.

मी पेटी पोचवली, पावतीवर सही घेतली, खाली येऊन गाडीचं दार लावत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"भावजी, बाटल्या दिल्यात का?" वहिनींचा आवाज इतका सपाट होता की मला आधी तो ओळखूच येईना.

"दिल्या. आत्ताच."

"परत घ्या. पळा. कुणालाही पाजू देऊ नका. मी तिथल्या वॉर्डात फोन लावतेय, कुणी उचलत नाही."

का, ते मी विचारलं नाही. जिने कसे चढलो ते आठवत नाही. वॉर्डाच्या दाराशी मोठ्या सिस्टरनी मला अडवलं, पायातले बूट काढा म्हणाल्या. मी तिथूनच सांगितलं, "ते दूध देऊ नका. दूधपेढीतून निरोप आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या आत धावल्या. एका सिस्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती, ती तिथेच थांबली. पण कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतल्या बाळाच्या नळीतून दूध गेलेलं होतं. एकाच बाळाला. थोडंसंच. ती तिथली सगळ्यांत लहान मुलगी होती.

वहिनींना फोनवर सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाईंना घेऊन येते."

झालं होतं ते असं. इकडे पेढीत दुसऱ्या खेपेची तयारी चालू होती. थंड करायच्या टाकीत बर्फ टाकलेला होता, वितळत होता, आणि सळई त्यात बुडलेली होती. वहिनींची नजर सहज पडद्यावर गेली, तर आकडा शून्याच्या वर दीड अंश. पाणी नीट ढवळलं नसेल म्हणून त्यांनी एका भांड्यात बर्फाचा चुरा दाबून भरला, थोडं पाणी घातलं, सळई मधोमध खुपसली. तरी दीड. वितळता बर्फ शून्यावरच असतो. बर्फ चुकत नाही. म्हणजे यंत्र दीड अंश वाढवून सांगत होतं. म्हणजे साडेबासष्ट दिसत होतं तेव्हा दूध एकसष्टच्या आसपास होतं.

डॉक्टरबाई आणि वहिनी आल्या तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो. वहिनींच्या केसांना अजून कागदी टोपी होती. डॉक्टरबाई आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"ते दूध ज्या आईचं होतं तिच्या रक्ताच्या तपासण्या स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "नमुन्यातही काही निघालेलं नाही. धोका कमी आहे. पण प्रयोगशाळेला सगळंच दिसतं असं नाही, आणि ही मुलगी फार नाजूक आहे. आपण लक्ष ठेवू."

"तिच्या आईला कोण सांगणार?" वहिनींनी विचारलं.

"ते माझं काम आहे."

"तुमच्याबरोबर मी येते. चूक माझ्या हातची आहे."

डॉक्टरबाईंनी नको म्हणून पाहिलं. वहिनी ऐकेनात. बाळाची आई खालच्या मजल्यावर खाटेवर उशीला टेकून बसली होती, माझ्या अंदाजाने पंचविशीचीही नसेल. मी दाराबाहेर थांबलो. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "ते यंत्र मी तयार केलं होतं. त्यात माझी चूक राहिली. तुमच्या मुलीला दूध गेल्यावर ती मला सापडली."

त्या बाईने वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हाला मुलं आहेत?"

"नाहीत."

"मग तुम्हाला कळायचं नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलली ती."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बैठक घेतली. वहिनींनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, कुठे पांघरूण घातलं नाही. साहेब म्हणाले, "टेबलावर ताडून पाहिलं, यंत्रात बसवल्यावर पुन्हा ताडलं नाही. ते मी विचारायला हवं होतं. सही माझी आहे." दोघांनाही वरून ताकीद मिळाली. यंत्राला कुलूप लागलं आणि मी आणलेल्या कच्च्या बाटल्या दुसऱ्या शहरातल्या पेढीकडे जाऊ लागल्या. तिकडून तयार होऊन येईपर्यंत आमच्या डॉक्टरबाई एकेका घोटाचा हिशोब करत राहिल्या.

वहिनी रोज संध्याकाळी मला गाडी त्या दवाखान्यावरून घ्यायला लावायच्या. वर जायच्या नाहीत. मी जाऊन विचारून यायचो. एकदा सिस्टर म्हणाल्या, पोट जरा फुगलंय, दूध बंद ठेवलंय. मी खाली येऊन सांगितलं आणि वहिनींनी गाडीच्या दाराची कडी घट्ट धरली. आईने ताट वाढलं, ते तसंच झाकून ठेवलं. दादा त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, उतरलं, इतक्या लहान बाळांना होतं असं अधूनमधून, त्या दुधाचा काही संबंध नाही. वहिनींनी ते ऐकून मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही.

चूक कुठे होती ते शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्या सळईला तीन तारा असतात. तार लांब असली की तिचा स्वतःचा अडथळा मोजणीत मिसळतो आणि आकडा फुगतो. तो अडथळा वजा करता यावा म्हणून तिसरी तार. पण इथे तीन तारा आहेत, असं नकाशाच्या फाईलमध्ये एका ओळीत लिहून द्यावं लागतं. ती ओळ राहिली होती. घरच्या टेबलावरच्या सळईची तार वीतभर, म्हणून तिथे फरक दिसला नाही. यंत्रातली तार झाकणातून, नळ्यांच्या मागून वळसे घेत आलेली, लांबलचक. तिथे दीड अंश झाला.

"एक ओळ," दादा म्हणाला.

"एकच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ती लिहिली आणि पुन्हा गिरणी लावली.

नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. रोजची पहिली खेप सुरू करण्याआधी यंत्र सळई बर्फाच्या चुऱ्यात ठेवायला सांगतं, आणि आकडा शून्यावर आला नाही तर हीटर चालूच होत नाही. कुणी घाईत असलं, कुणी चिडलं, तरी नाही. दूध तापत असताना शेजारी दुसरा, यंत्राशी संबंध नसलेला थर्मामीटर ठेवायचा, ही अट साहेबांची. वहिनी म्हणाल्या, मीही तेच सांगणार होते. या वेळी तपासण्या दोघांनी मिळून केल्या, आणि बाहेरच्या एका तज्ज्ञालाही बोलावून त्याच्याकडून फेरतपासणी करून घेतली. कुलूप निघायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही, डॉक्टरबाईंनीही नाही.

यंत्र सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, ऐन भरात असलेल्या खेपेला वीज गेली. मी पेट्या उतरवत होतो. पेढीतल्या बाईने सवयीने मोरीकडे पाहिलं. जनरेटर घरघरला, पडदा उजळला, आणि दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवत होते. अर्धा तास भरला. दूध थंड झालं, कप्प्यात गेलं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने उघडले, बस.

ती मुलगी हळूहळू सावरली. वजन धरलं, नळी निघाली. पुढे तिला तपासायला आमच्याच दवाखान्यात आणू लागले. असंच एकदा तिची आई तिला दुपट्यात गुंडाळून पेढीसमोरच्या बोळातून चालली होती. वहिनी दारातच होत्या. दोघींची नजरानजर झाली. त्या बाईने पाऊल थांबवलं नाही, मानही हलवली नाही. बाळाच्या डोक्यावरचं दुपटं तेवढं सारखं केलं आणि ती पुढे गेली. तिने काही बोलावं असं वहिनींनाही वाटलं नसावं. त्या बाजूला सरकल्या, तिला वाट दिली, आणि खेप थंड व्हायला लागली होती म्हणून आत गेल्या.